दाबलेलं बटण

“कंट्रोल, कुरणवाडीतून बोलतोय. बाळंतीण अडलीय, लगेच बोट पाठवा. आमची वस्ती...” इतक्यात हॅम रेडिओ खरखरला आणि वस्तीचं नाव कळायच्या आत आवाज बुडाला.

तहसील कचेरीत संच सांभाळणाऱ्या मुक्ताला आता कपबशा वाजलेल्या ऐकू आल्या. पाठोपाठ ओळखीचा आवाज आला, “अगं, चहात आलं घातलंस का?”

ते पेंडसेकाका होते. तालुक्यातल्या पंधरा जणांना रेडिओवर बोलायला त्यांनीच शिकवलं होतं: आधी ऐका, थोडक्यात बोला आणि लगेच बटण सोडा. आज त्यांच्याच माइकचं बटण कशाखाली तरी दाबलं गेलं होतं. ते सुटेपर्यंत त्या वाहिनीवर दुसऱ्या कुणाचं काही पोचणार नव्हतं, आणि काकांनाही काही ऐकू जाणार नव्हतं.

मुक्ताने दुसरी वाहिनी लावून पाहिली. तिथे कुरणवाडी नव्हती. फोन कालपासून बंद होते आणि काकांचं घर पुराच्या पलीकडे होतं.

“ताई, कुरणवाडीच्या वस्त्या चार,” नावाडी दारातून म्हणाला. “डिझेल एकाच फेरीचं आहे. कुठल्या वस्तीवर जाऊ?”

“काका, बटण सोडा!” मुक्ता माइकमध्ये ओरडली. उगाचच.

“आज तुमचा रेडिओ गप्प कसा हो?” तिकडे काकूंनी विचारलं.

“शिस्त म्हणतात याला!” काकांनी चहाचा भुरका मारला. “सगळे आधी ऐकताहेत. शिकवलंय कुणी त्यांना?”