देव पारोसे राहू नयेत म्हणून

"आजी, हिंदू धर्मातल्या पाच मुख्य श्रद्धा सांग ना. प्रोजेक्ट आहे," ओवी पलंगावर मांडी ठोकून बसत म्हणाली.

मंदाकिनीबाईंचा एक कान नातीकडे आणि दुसरा स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याकडे होता. डावा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. काल ओट्यापाशी घसरल्या आणि आडव्या झाल्या. गावाला जातानाही देव डब्यात घालून बरोबर नेणाऱ्या बाई. आज त्यांची पूजा दुसऱ्याच्या हाती गेली होती. मुलगा-सून खराडीच्या ऑफिसला सकाळीच पळालेली. उरले यजमान. नाव गोपाळकृष्ण, आणि देवाशी छत्तीसचा आकडा.

"अहो, देव पारोसे राहतील हो," त्या मघाशी काकुळतीला आल्या होत्या.

"मी मानत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची हरकत नसेल तर माझीही नाही," म्हणून गोपाळकृष्ण टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले होते.

"आजी, कर्म लिहिलं. पुनर्जन्म, मोक्ष लिहिलं. चौथं?"

"देव एक, रूपं अनेक. लिही."

"आणि जे देव मानतच नाहीत?"

"ते तुझ्या आजोबांना विचार. त्यांचाच विषय आहे."

ओवीने बसल्या जागेवरून हाक मारून विचारलं. उत्तर आतून, कोरडं ठणठणीत आलं. "तेहतीस कोटी मानणारा हिंदू असतो, एक मानणारा असतो आणि एकही न मानणाराही असतो. परीक्षाच नाही, त्यामुळे नापास कोणी होत नाही."

ओवी लिहू लागली. मंदाकिनीबाई घंटेची वाट बघत होत्या. घंटा वाजेना. वाजला तो गॅसचा लायटर. मग पातेलं आपटल्याचा आवाज.

त्यांच्या काळजात चर्र झालं. चहा! पूजेआधी या घरात त्यांनी कधी घोटभर चहा घेतला नव्हता. आणि हे गृहस्थ देवांना ताम्हनात तसंच ठेवून आधण टाकतात? ज्याला देव नाही, त्याला नेम तरी कुठला असणार! रागापेक्षा त्यांना रडूच आलं. उठता येत नाही, म्हणून आपले देव असे वाऱ्यावर.

"ओवी, जरा बघून ये गं. त्यांना काही बोलू नकोस. नुसतं बघून ये."

ओवी गेली आणि जरा वेळाने तोंडावर हात धरून परत आली.

"चहा नाही गं. पाणी तापवतायत. देव्हाऱ्यासमोर पाटावर बसलेत, आणि तुझा तो रांगता बाळकृष्ण आहे ना, त्याला आपल्या मफलरमध्ये ठेवलंय."

"मफलरमध्ये?"

"हो. मी विचारलं, आजोबा, तुम्ही तर मानत नाही. तर म्हणाले, 'नाहीच मानत. पण डिसेंबर आहे ना.'"

माहेराहून आणलेला तो बाळकृष्ण. इतकी वर्षं रोज, थंडीतसुद्धा, मंदाकिनीबाई त्याला नळाचंच गार पाणी घालत आल्या होत्या. मंत्र म्हणत, एकही दिवस न चुकता. त्यांना थोडी लाज वाटली, आणि मग इतकं बरं वाटलं की दुखरा पायसुद्धा हलका झाला.

"आजी, पाचवं राहिलंय. काय लिहू?"

"ते नंतर बघू," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आधी आत जा आणि सांग त्यांना, घालण्याआधी पाण्यात कोपर बुडवून बघा म्हणावं. बाळाचं अंग आहे."