अस्तराची जाडी

शिकायला परगावी निघालेल्या लेकीच्या गिटारसाठी सुताराने स्वतः लाकडी पेटी बनवली. निघायच्या दिवशी मात्र गिटार आत बसेना, कंबरेपाशीच अडली. आतल्या मखमली अस्तराची जाडी त्याने मापात धरलीच नव्हती. "बाबा, तुमचं माप चुकलं?" लेक हसली. "तीस वर्षांत ह्यांचं एकही दार पुन्हा तासावं लागलं नाही," दारातून आई म्हणाली. "मनातच नसेल तुला पाठवायचं." सुताराने पटाशीने अस्तर खरवडून काढलं आणि अंगातला जुना, विरलेला सदरा उतरवून तिथे अंथरला. तारा सैल केल्या, गिटार अलगद आत सोडली. बसली. झाकण लावून त्याने पेटी कानाशी हलवली. आत काहीच हललं नाही. "आता हिला धक्का लागायचा नाही," म्हणत तो पेटी खांद्यावर घेऊन थेट स्टेशनकडे निघाला. "अहो, अंगात काहीतरी घाला!"