उजवीकडे रॉड, डावीकडे प्लेट

शिडीची वरची पायरी, सांडलेल्या रंगाने बुळबुळीत.

हाडाच्या पोकळीतून आरपार गेलेला स्टीलचा रॉड.

बायकोच्या मांडीवर घडी घातलेला पायजमा.

हाडाला बाहेरून लावलेली, स्क्रूंनी आवळलेली प्लेट.

कुणीतरी दाबून धरलेली जांभई.

रंगारी चड्डीवर उभा होता. काठीला टेकून, हॉलभर बसलेल्या शिकाऊ डॉक्टरांसमोर. मोठ्या डॉक्टरांनी पॉइंटरचा लाल ठिपका आधी पडद्यावरच्या एक्स-रेवर फिरवला, मग थेट त्याच्या मांड्यांवर.

"शिडीवरून पडला एकदाच, मोडल्या दोन्ही मांड्या, जवळजवळ एकाच जागी. वय तेच, वजन तेच. उजवीकडे रॉड टाकला, डावीकडे प्लेट. तुलनेला याहून चांगली केस मिळायची नाही."

"काय मामा, कुठला पाय बरा?" पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं.

"उजवा सख्खा आहे," रंगारी म्हणाला. "डावा सावत्र निघाला. खातो घरचंच, पण कामाच्या वेळी मागं सरतो."

हॉल हसला. तोही हसला. हसताना भार डाव्यावर गेला, तसा त्याने ओठ दाताखाली धरला.

ठिपका डाव्या एक्स-रेवर थांबला. हाड जुळलं नव्हतं. प्लेट वाकली होती. दोन स्क्रू तुटले होते.

बाकावरून बायको उठली. "डॉक्टरसाहेब, ती प्लेट काढा आणि तिथंही रॉड टाका ना. शिडी चढता येत नाही ह्यांना. आणि दुसरं काही येत नाही."

"टाकू की. वर्ष पुरं होऊ द्या. मध्येच बदललं तर सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"कुणाची?"

"तू गप गं," रंगारी म्हणाला. "साहेबांना कळतं."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण दोन्हीकडे रॉडच का नाही टाकला?"

मोठ्या डॉक्टरांनी पॉइंटर बंद केला. "त्या दिवशी त्याच्या मापाचा एकच होता."

रंगाऱ्याने समजूतदारपणे मान हलवली. रंग कमी पडला की एखादी भिंत त्यालाही तशीच सोडावी लागायची.

बायकोने त्याला खुर्चीत बसवलं आणि पायजम्याची घडी उलगडली. डावा पाय उचलेना. तिने तो दोन्ही हातांनी उचलून आत घातला. हॉलमधले दिवे लागले होते, तरी कुणी उठत नव्हतं.

त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या कपाटात त्याच्या मापाचे चार रॉड होते.