हिरव्या कसरी

कसर लोकर नुसती खात नाही. ज्या लोकरीवर ती जगते, तिच्याच धाग्यांचं तांदळाएवढं घर विणून ते अंगावर वागवते. शाल लाल असेल तर घरही लाल.

आमच्या भिंतीवर आठ दिवस हिरव्या कसरी चढताहेत.

"आई, तुमचं विणकाम सुटलं आणि यांनी धरलं," सून हसली. "पण आपल्याकडे हिरवी लोकर आहेच कुठे?"

नाहीच. पन्नास वर्षांपूर्वी याच खोलीत मी स्वतःसाठी हिरवा स्वेटर विणला होता. धाकट्या बहिणीने तो न विचारता घातला. तेवढ्यावरून मी म्हटलं, "चालती हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस." ती स्वेटर घालूनच गेली. परत आली नाही, आणि मी तिला शोधलंही नाही.

आज एक कसर तळहातावर घेऊन चष्म्यातून पाहिली. हिरव्या घराच्या टोकाला नवा पट्टा होता, पांढऱ्या केसांचा.

माझे केस औषधांनी केव्हाच गेले. सुनेचे काळेभोर आहेत. धाकटी गेली तेव्हा वीस वर्षांची होती; आज सत्तरीची असेल.

कसर लांबून चालत येत नाही. मी भिंतीला कान लावला आणि पन्नास वर्षांनी तिला हाक मारली.