कोर्टाचं दार

पोलीस कोठडीत मेलेल्या माझ्या भाच्याच्या खटल्याच्या सहा तारखा झाल्या. दर तारखेला “आत बसायला जागा नाही” म्हणत शिपाई आमच्या तोंडावर दार लावून घ्यायचा. सातव्या तारखेला तेच दार फुगून चौकटीत अडकलं आणि कोर्टानं सुतार बोलावला. कोर्टाचा सुतार मीच. बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू काढून मी दार खांद्यावर घेतलं, तसे न्यायाधीश कडाडले, “हे काय चाललंय?” “लाकूड फुगलंय, साहेब. वाळवून, रंधा मारून बसवायला आठ दिवस लागतील.” “आणि सुनावणी?” “होऊ द्या की. आम्ही कुठं अडवतोय?” एव्हाना उघड्या चौकटीत आमची अख्खी गल्ली उभी होती. शिपाई आडवा आला, “जागा नाही म्हटलं ना!” मी मागच्या भिंतीलगत दोन ठोकळे ठेवले, त्यांवर दार आडवं टाकलं आणि ताईला हाक मारली, “ये, झाली जागा!”