पिल्लाला पसंत पडेल असं घर

“अहो, आपण जरा पाय पुसून येता का आत?”

बायकोने हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की चावीवाल्याने मागे वळून पाहिलं. आपल्यामागून कुणी बडा पाहुणा येतोय की काय? मागे कुणीच नव्हतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पिल्लंवाल्या बाई आज घर बघायला यायच्या होत्या, आणि त्या येऊन बसल्याही होत्या, मांडीवर झाकणाची टोपली घेऊन.

“पुसतो हं,” तोही मधाळ आवाजात म्हणाला. एरवी ‘पाय पुसा!’ अशी आरोळी आली असती, आणि त्यावर त्याने पायपुसणंच भिरकावलं असतं.

पण आज भांडायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं. ठरवतानाही दोनदा भांडण झालं, ते सोडा.

गोष्ट तशी साधी होती. गुडघ्याने दगा दिल्यापासून बायकोचं दुकानात येणं बंद झालं होतं. तो दिवसभर तिकडे चाव्या घासायचा, आणि ही इकडे भिंतीकडे बघत बसायची. घर खायला उठतं, म्हणायची. एखादं छोटंसं कुत्रं असलं तर सोबत होईल, म्हणायची. तो लगेच बाजारात जाऊन खोक्यातलं एक पिल्लू पसंत करून आला. बायकोने विचारलं, “त्याची आई बघितलीत का?” विकणाऱ्यालाच त्या आईचा पत्ता नव्हता. मग विचारत विचारत या बाई सापडल्या. यांच्याकडे पिल्लाची आई समोर बसलेली असते, लसी वेळेवर टोचलेल्या असतात, आणि आईचं दूध सुटल्याशिवाय पिल्लू उंबऱ्याबाहेर पडत नाही. बाईंची अट एकच. आधी त्या घर बघणार, माणसं बघणार, मगच काय ते ठरवणार. चावीवाल्याने पोरीच्या लग्नातही एवढी धास्ती घेतली नव्हती.

बाईंनी टोपलीचं झाकण उघडलं. तपकिरी कानांचं इवलंसं पिल्लू बाहेर आलं, त्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि थेट कपाटाखाली जाऊन बसलं.

“असंच करतं हो ते,” बाई हताशपणे म्हणाल्या. “याआधी दोन घरी देऊन बघितलं. माणसं अगदी सोन्यासारखी. पण हे तिथे ना खायचं, ना झोपायचं. शेवटी परत आणलं. तुमच्याकडेही बाहेर आलं नाही तर घेऊन जाईन. वाईट वाटून घेऊ नका.”

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला.

“तुम्ही हाक मारा ना त्याला,” ती म्हणाली.

“छे छे, आधी तू. तुझा आवाज किती गोड आहे.”

असं वाक्य त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पिल्लू आणखी आत सरकलं.

बाईंनी दाराकडे नजर टाकली. “कडी नीट लागते ना? नाहीतर पळायचं ते.”

“न लागायला काय झालं?” बायको हसून म्हणाली. “यांचा धंदाच कड्याकुलपांचा. बसवतील ना नवी.”

“उद्या बसवतोच,” तोही हसून म्हणाला.

“उद्या?” बायकोचं हसू मावळलं. “वर्षभर ऐकतेय मी हा उद्या! गावभर कुलपं बसवत फिरता, आणि आपल्या दाराला चप्पल अडकवून झोपतो आपण!”

“आणि मोडली कुणी ती कडी? दार आपटून बहिणीकडे कोण गेलं होतं?”

“कुणामुळे गेले होते? रेडिओ कोण बोंबलत ठेवतं?”

“तुला ऐकू येत नाही म्हणून ठेवतो!”

“मला? मला ऐकू येत नाही?”

मग काय विचारता! हरवलेला चष्मा, पळवलेली उशी, जावयाच्या अंगावर सांडलेला चहा, सगळं बाहेर आलं. त्यात पिल्लूही बाहेर आलं. शेपूट हलवत दोघांच्या मधोमध आलं, वेटोळं करून बसलं, आणि त्याने एक मोठ्ठी जांभई दिली.

आधी बायकोचं लक्ष बाईंकडे गेलं. मग त्याचं. दोघंही एकदम गप्प झाली. संपलं सगळं, चावीवाल्याला वाटलं. एका मोडक्या कडीपायी हिची सोबत घालवली आपण. त्याला स्वतःचेच कान उपटावेसे वाटले.

पिल्लाने डोकं वर केलं आणि कुईकुई सुरू केली.

“अहो, थांबलात कशाला?” बाई कुजबुजल्या. “चालू द्या ना!”

“काय चालू द्या?” बायकोने विचारलं.

“आमच्या घरी मी आणि माझ्या सासूबाई,” बाई सांगू लागल्या. “सकाळी डोळे उघडले की आमची जुंपते. हे पोर त्यातच जन्मलं, त्यातच वाढलं. त्या दोन घरची माणसं इतकी हळू बोलायची, की याला वाटलं असेल, घरात कुणी नाहीच.” निघताना त्यांनी बजावलं, “नाहीच जमलं तर रस्त्यावर सोडायचं नाही, मला फोन करायचा. आणि कडी आजच्या आज बसवायची.”

कडी त्याच संध्याकाळी बसली. बायकोने शेजारी उभं राहून एकेका स्क्रूला नावं ठेवली, आणि पिल्लू तिच्या पायाशी घोरत पडलं.

दुसऱ्या दिवशी चावीवाला निर्धास्तपणे दुकानात गेला. चला, हिला सोबत मिळाली, आता घर काही खायला उठणार नाही. दुपारी फोन वाजला.

“अहो, शटर ओढा आणि घरी या बघू,” बायको म्हणाली. “हे मेलं झोपत नाहीये, आणि मी एकटी भांडू कुणाशी?”