खिडकीपर्यंत

“अजून एकदा, खिडकीपर्यंत,” कॅमेऱ्यामागून खारू म्हणाला.

आईने खुर्चीचा हात धरून स्वतःला उचललं. डावा पाय ओढत, भिंतीला बोटं टेकत ती निघाली. खिडकीशी पोचली तेव्हा कपाळ घामाने डबडबलं होतं.

“आलं का नीट?”

“आलं. पण तू आहेस तिथेच आहेस, आई. फरक कसा पडत नाही?”

“पडेल रे. निघ तू, बस चुकेल.” खुर्चीकडे न परतता ती तशीच गज धरून उभी राहिली. “मी जरा हवा खाते इथे.”

लहानपणी झाडावरून खाली उतरायचाच नाही, म्हणून घरात त्याला सगळे खारूच म्हणत. आता तो विद्यापीठात अ‍ॅनिमेशन शिकत होता, शेवटच्या वर्षाला. परदेशातल्या एका स्टुडिओने त्याला बोलावलं आणि त्याच सुमारास आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. स्टुडिओला त्याने थांबायला सांगितलं. दर रविवारी तो वसतिगृहातून घरी येई. खालच्या मजल्यावर राहणारी मावशी आईचं सगळं बघायची.

त्याचा शेवटचा प्रकल्प आईच्याच चालण्यावर होता. भल्यामोठ्या पडद्यावर एक म्हातारी. बघणाऱ्याने हात पुढे केला की ती एक पाऊल टाकणार, हात मागे घेतला की थांबणार. तिचं चालणं त्याने आईच्या चित्रफितीवरून एकेक चौकट रेखाटून उतरवलं होतं. डोळ्यांची पार वाट लागली होती.

सरांनी ते पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि चष्मा काढला.

“नटी कुठून आणलीस?”

“नटी नाही सर. माझी आई आहे. आजारी आहे ती.”

“मग खांदे बघ तिचे. प्रत्येक पावलाआधी ती क्षणभर थांबते. ठरवते. मग पाऊल टाकते. नेहमीचं चालणं असं नसतं. हा अभिनय आहे, बाळा.”

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. खारूच्या कानशिलांत रक्त चढलं.

रात्रभर तो चित्रफिती पुढेमागे करत बसला. सर खरं बोलत होते. प्रत्येक पावलाआधी आई थांबत होती, ठरवत होती. मग बाकीचंही जुळत गेलं. नेमकं स्टुडिओचं बोलावणं आल्यावरच पडलेलं आजारपण. कधीच न पडणारा फरक. आणि तो निघताना दर वेळी विचारलेलं, “येशील ना रे पुढच्या रविवारी?”

सकाळीच त्याने घर गाठलं. मावशी आईचे केस विंचरत होती. त्याने लॅपटॉप आईच्या मांडीवर आदळला.

“हे बघ. इथे थांबतेस. इथे ठरवतेस. आजाऱ्याला ठरवावं लागतं का? किती दिवस सोंग करणार आहेस?”

“अरे, काय बोलतोयस!” मावशी उसळली. “तुला काय माहीत—”

आईने तिचा हात घट्ट दाबला. मग पडद्यावरच्या स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिली.

“पकडलंस की,” ती हसून म्हणाली. “ठणठणीत आहे मी. तू दूर जाऊ नयेस म्हणून केलं.”

मावशी तोंड फिरवून आत निघून गेली.

“माझं वर्ष खाल्लंस तू,” खारू म्हणाला. “स्वतःच्या पोटच्या पोराचं. आता मेलीस तरी मला बोलावू नकोस.”

“नाही बोलावणार,” आई म्हणाली. “जा तू स्टुडिओत. डोक्याला काही ताप ठेवू नकोस.”

त्याने प्रकल्प मुळापासून बदलला. आता बघणारा पडद्याकडे तोंड करून असेपर्यंत म्हातारी लंगडायची, कण्हायची, भिंतीला धरायची. त्याने पाठ फिरवली की टुणकन उडी मारून नाचायला लागायची, आणि ते त्याला समोरच्या आरशात दिसायचं. घाईने वळून पाहावं, तर म्हातारी पुन्हा लंगडी.

प्रदर्शनात लोकांची हसून मुरकुंडी वळली. पोरंटोरं रांगा लावून पाठ फिरवत होती. एका बाईने डोळे पुसत त्याला विचारलं, “कुठून सुचतं हो तुम्हाला असलं?”

“घरातूनच,” खारू म्हणाला.

पहिला क्रमांक त्यालाच मिळाला. सरांनी पाठ थोपटली. “आता खरं उतरलं बघ.” स्टुडिओने तिकीट पाठवलं. इतक्या महिन्यांत आईचा एकही फोन आला नव्हता. मावशीचे येत होते, ते त्याने उचलले नव्हते.

जाण्याआधी एकदा ते सगळं आईला दाखवायचंच, असं त्याच्या मनाने घेतलं. लोक कसे हसतात ते तिने बघायलाच हवं. तिच्या सोंगाला शेवटी बक्षीस मिळालं, हे तिच्या तोंडावर सांगायचं होतं. कोणालाही न कळवता तो दुपारी घरी पोचला. खाली मावशीच्या दाराला कुलूप होतं. वर दार नुसतं लोटलेलं होतं. चोर पकडायला आल्यासारखं त्याने ते हळूच ढकललं.

खुर्ची रिकामी होती. आई जमिनीवर पालथी पडली होती. उजव्या कोपरावर जोर देत, डावं अंग पोत्यासारखं मागे फरफटत ती इंचाइंचाने खिडकीकडे सरकत होती. कोपराची कातडी सोलवटली होती. गुडघ्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, झिजून काळ्या पडलेल्या.

दाराचा आवाज ऐकून ती थांबली.

“आलीस का गं?” मान न वळवता, धापा टाकत ती म्हणाली. “मला जरा उभी कर. पाय टाकायची सवय सुटत चाललीय, आणि तो अचानक आला तर त्याला मी अशी दिसायला नको.”